आवाज ऐकल्याशिवाय सोडू नकोस

मे महिन्यात ग्वाल्हेरात लोकरीचे हातमोजे घालून गच्चीवर बसणारा माणूस मी एकच पाहिला. लू सुटलेली असे, खाली रस्त्यावरची कुत्री नालीच्या गारव्याला जाऊन पडलेली असत, आणि हे गृहस्थ लोकरीच्या मोज्यांवर रबरी मोजे चढवून, ओणवे होऊन, पाण्यात बुडवलेली एक नळी दुसऱ्या नळीतून सोडवत बसलेले असत. शेजारी एक जुना लोखंडी कूलर. त्याच्या खसच्या टट्ट्या केव्हाच काढून टाकलेल्या. नुसता पंखा पूर्ण वेगानं पाण्यावर सोडलेला.

"बादली मार," ते म्हणत.

"कुठे?"

"माझ्या तोंडावर. समुद्र काय विचारून मारतो?"

मी मारत असे. माझ्या घरातून दोन पिढ्या साहेबलोकांविरुद्ध पत्रकं निघाली. अशा घरातल्या मुलीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबाच्या तोंडावर पाणी मारायचं काम मिळालं. मी ते मन लावून केलं.

सगळं ऑफिस त्यांना काकासाहेब म्हणे. हिंदी बोलणारे काकासाहब म्हणत. दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत त्यांचं बिऱ्हाड होतं. पूर्वज दख्खनेतून आलेले, दरबारच्या दफ्तरात लिहिणारे. "ते फर्मानं लिहीत, मीही तेच लिहितो," काकासाहेब म्हणत, "फक्त माझी फर्मानं भिजतात."

हे नीट कळायचं तर आमचं काम सांगायला हवं. उत्तरेकडच्या थंड, खोल समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या असतात. त्यांना पाया नसतो. भल्यामोठ्या तराफ्यावर मनोरा उभा, आणि तराफा साखळदंडांनी समुद्रतळाच्या नांगरांना बांधलेला. वीज पाण्यातल्या केबलमधून जाते. लहान दुरुस्ती जागेवर होते, पण मोठी निघाली तर केबल सोडवायची, साखळदंड सोडवायचे आणि अख्खी चक्की बोटीनं ओढत बंदरात न्यायची. दुरुस्त झाली की परत न्यायची आणि पुन्हा जोडायची. हे सोडवणं-जोडणं कुणी, कशानंतर काय, कुठल्या हातानं करायचं, त्याचे कागद आम्ही लिहीत होतो. ग्वाल्हेरच्या कंपू भागात, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर. जिथून समुद्र बघायचा तर रेल्वेत एक रात्र काढावी लागते, तिथे बसून.

ग्वाल्हेरातच का? कारण इथे शिकलेली माणसं स्वस्त मिळतात. हे वाक्य मी पत्रकात ठळक टाइपात घातलं असतं. बोटींवर काम करणारे बरेच खलाशी कोकणातले, म्हणून इंग्रजी कागदाबरोबर एक मराठी कागदही जायचा. इंग्रजी काकासाहेब लिहीत, मराठी मी.

काकासाहेबांनी अर्धं आयुष्य केबल टाकणाऱ्या जहाजांवर काढलं होतं, आणि त्यातला एकही प्रवास त्यांना मानवला नव्हता. "उलट्या करत नोकरी केली," ते सांगत. निवृत्त झाल्यावर जगाच्या नकाशात समुद्रापासून लांब असं आपलंच गाव सापडलं म्हणून परत आले, आणि आल्यावर गच्चीवर समुद्र बांधला. काळी पाण्याची टाकी आडवी कापलेली. तिच्यात तरंगणारा तेलाचा पिंप, ही पवनचक्की. सायकलच्या चेना, हे साखळदंड. बागेच्या नळीला टेनिसचे चेंडू बांधलेले, ही केबल. खऱ्या केबललाही असेच तरंगते गोळे बांधतात, म्हणजे लाटेवर चक्की हलली तरी केबलला झोल राहतो आणि ती तुटत नाही. आमच्या ऑफिसातला कुठलाही कागद या टाकीत बुडून आल्याशिवाय बाहेर गेला नाही.

माझा पहिला कागदही बुडाला.

माझे बाबा ग्वाल्हेरच्याच हजीरा भागात छापखाना चालवत. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद झाली, पण तिच्याविषयीची पत्रकं बंद झाली नाहीत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'आगगाडी'च्या आधी लिहिता यायचा. त्यामुळे पहिल्या कागदात मी सहज लिहून गेले, "केबल तात्काळ मुक्त करण्यात यावी. या कामी सर्वांनी सहकार्य करावे!"

काकासाहेबांनी कागद वाचला. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, त्याचाच मला राग येई.

"मुक्त? ही केबल काय तुरुंगात आहे?"

"मग सोडवावी म्हणा."

"कुणी सोडवावी? भुतानं? आणि हे सर्वांनी म्हणजे कुणी? सर्वांनी एकदम हात घातला तर बोट कलंडेल, बेटा."

"आमच्याकडे सर्वांनी असंच लिहितात," मी म्हटलं. "त्याशिवाय एकजूट होत नाही."

"बरोबर आहे तुमचं. पत्रक वाचणारा उभा असतो, रस्त्यावर असतो, चारजणांत असतो, तापलेला असतो. माझा कागद वाचणारा ओणवा असतो, भिजलेला असतो आणि घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात विशेषण देऊ नये. त्याला बोल्ट कुठल्या बाजूला फिरतो ते सांगावं."

मग त्यांनी मला मोजे दिले, पंखा सुरू केला आणि माझाच कागद हातात धरून मला टाकीशी बसवलं. तिसऱ्या ओळीवर मी अडकले. एका हातानं नळी धरायची होती, दुसऱ्यानं खीळ काढायची होती आणि कागद म्हणत होता की त्याच वेळी टोपण चढवावं. तिसरा हात कुठून आणायचा ते त्यात लिहिलेलं नव्हतं. बादली या खेपेला त्यांनी मारली.

कागदात ते वाचणाऱ्याला 'तू' म्हणत. मॅनेजरना ते खटके. मॅनेजर भला माणूस होता, दर शनिवारी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी कचोरी आणायचा, पण वरून फोन आला की त्याचा आवाज बदलायचा. तो म्हणे, "काकासाहब, थोडा सम्मान से लिखिए ना. 'आप' वाला."

"तुम्ही म्हटलं की माणूस शेजाऱ्याकडे बघतो," काकासाहेब म्हणत. "तू म्हटलं की स्वतःच्या हाताकडे बघतो."

जोडण्यात त्यांना रस नव्हता. कुठलीही नवी वस्तू पाहिली की त्यांचा पहिला प्रश्न, ही सुटते कशी? मांडववाल्याला ते मांडव उभा राहत असतानाच विचारत की उतरवताना पहिला बांबू कुठला काढणार, आणि त्याला सांगता आलं नाही तर त्या मांडवाखाली जेवायला बसत नसत. बाहेर उभं राहून, ताट हातात घेऊन जेवत. लोक हसत. "जोडताना सगळं गाव येतं," ते मला एकदा म्हणाले, "सोडवताना माणूस एकटा असतो. म्हणून कागद लिहायचा तो सोडवणाऱ्यासाठी लिहायचा."

काकूंचं यावर वेगळं मत होतं. मी पहिल्यांदा दाना ओलीतल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांचं काय सांगू तुला! आमच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा पण हळूच विचारत होते की हा ओढणार कोण, डावीकडचा की उजवीकडचा. माझी आई म्हणाली, मुलगा तर अजीबच दिसतो."

"मग?"

"मग काय! दोघांनी एकदम ओढला आणि भटजींच्या डोक्यावर पडला. तेव्हापासून ह्यांना वाटतं की ह्यांचंच बरोबर आहे."

त्याच दिवशी मी काकासाहेबांची हाक पहिल्यांदा ऐकली. बैठकीतला पंखा पुसायचा होता. काकासाहेबांनी स्टूल आणलं, ओलं फडकं आणलं आणि जिन्याखालच्या मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले. पण स्विच पाडला नाही. मोठ्यानं हाक दिली.

"स्वयंपाकघर?"

"आहे!" काकू बसल्या जागेवरून ओरडल्या, आणि मला म्हणाल्या, "आता मी इथे आहे हे दिसतंय ना त्यांना? तरी पण ओरडायचंच."

"वरचा मजला?"

वर परीक्षेचा अभ्यास करणारा भाडेकरू होता. "हूँ, काकासाहब, हूँ!"

"गुसलखाना?"

कुणी बोललं नाही. काकासाहेब स्विच सोडून गेले, दार ढकलून आत पाहिलं, परत आले. तेवढ्यात खालचा सुतळीवाला दुकानदार ओरडला, "मैं भी हूँ, काकासाहब! नीचेवाला!"

त्याचं मीटर वेगळं होतं. त्याची वीज जायचा प्रश्नच नव्हता. पण काकासाहेबांनी त्यालाही उत्तर दिलं, "ठीक है, लाला!" मग स्विच पाडला.

गल्लीत ही चेष्टा जुनी होती. संध्याकाळी ते घरी येताना पोरं ओट्यावरून ओरडत, "आहे! आहे!" ते प्रत्येकाला मान डोलावून पुढे जात, जणू खरीच हजेरी चालली आहे. काकू एकदा रुसल्या होत्या आणि मुद्दाम ओ देत नव्हत्या, तर रुसवा निघेपर्यंत पंखा तसाच धुळीनं माखलेला राहिला. "समोर उभी होते मी ह्यांच्या," काकू म्हणाल्या. "म्हणाले, दिसतेस, पण ऐकू येत नाहीस."

मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं. त्यामागे काय होतं ते पुढे एका कागदाच्या भांडणात कळलं.

समुद्रातल्या या चक्क्या एकेकट्या नसतात, माळेत असतात. एका चक्कीतून केबल पुढच्या चक्कीत जाते, तिथून पुढच्या. माळेतली मधली चक्की सोडवून नेली की तिच्या मागच्या सगळ्या चक्क्यांचा किनाऱ्याशी संबंध तुटतो. त्यांची वीज किनाऱ्यावर तर जात नाहीच, पण त्यांना लागणारी वीजही येत नाही. मनोऱ्यातले दिवे जातात, वर चढायची लिफ्ट थांबते. म्हणून मधली काढली की तिची दोन उघडी पडलेली टोकं पाण्यातच एकमेकांना जोडून देतात, म्हणजे मागच्यांचा प्रवाह पुन्हा सुरू होतो. पण सोडवणं आणि जोडणं यांच्या मधला जो काळ असतो, तेवढा मागे अंधारच. त्या वेळी मागच्या एखाद्या मनोऱ्यात तपासणीला गेलेला माणूस असला तर?

काकासाहेबांच्या कागदात यासाठी एक ओळ होती. सोडवणाऱ्या माणसानं खिळीला हात लावण्याआधी मागच्या मनोऱ्यांवरच्या प्रत्येकाला वायरलेसवर नावानं हाक मारायची, आणि प्रत्येकाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा. एकजण बोलला नाही तरी थांबायचं.

ज्यांच्यासाठी आम्ही कागद लिहीत होतो त्या कंपनीला ही ओळ नको झाली. त्या समुद्रात वारा पडतो तो थोडाच वेळ. तेवढ्यात काम उरकलं नाही तर बोट नुसती उभी राहते आणि भाडं चालू राहतं. मनोऱ्याच्या आत वायरलेस नीट लागत नाही, माणूस कामात असतो, उशिरा बोलतो. कंपनीचं म्हणणं, आवाजाची काय गरज? किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये कोण कुठे गेलं याची नोंद असते. तिथला माणूस पडद्यावर बघून खूण करेल, झालं.

मॅनेजरनी ते काकासाहेबांसमोर मांडलं. मी तिथेच होते.

"काकासाहब, क्लायंट नहीं मान रहा. एक लाइन की बात है."

"हो, एकाच ओळीची आहे," काकासाहेब म्हणाले. "ती काढून मी सही करणार नाही."

"कंट्रोल रूम है ना देखने के लिए."

"पडद्यावर दिसतं. ऐकू येत नाही."

मॅनेजर हसला, मग थांबला. त्याला कळलं की हा विनोद नाही. त्यानं डोक्यावरचे घामाचे थेंब पुसले आणि तो म्हणाला, "आपका कॉन्ट्रैक्ट इसी महीने रिन्यू होना है. मैं सिर्फ बता रहा हूँ."

"बरं केलंत, सांगितलंत," काकासाहेब म्हणाले. "न सांगता काही बंद करू नये."

मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत पेटले होते. बाबांनी माझं तोंड बघूनच टाइप काढायला घेतला. सकाळी माझ्या हातात ताजं पत्रक होतं. 'कामगारांच्या जिवाशी खेळणाऱ्या नफेखोरांचा धिक्कार असो!' मथळा हाताच्या पंज्याएवढा. खाली जळजळीत मजकूर. ते मी गच्चीवर काकासाहेबांच्या हातात दिलं. शिवाय माझ्याकडे एक योजनाही होती.

"मॅनेजर लिफ्टनं खाली जातो ना, तेव्हा आपण मधेच वीज बंद करू. बसू दे घटकाभर अंधारात. मग कळेल त्याला आवाज म्हणजे काय ते."

काकासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात एवढी लहान कधी झाले नाही.

"माणसाला न सांगता अंधारात ठेवायचं नाही," ते म्हणाले. "तेच तर लिहितोय ना आपण?"

मग त्यांनी मोजे चढवले, माझं पत्रक टाकीत बुडवलं, बाहेर काढलं आणि पंख्यासमोर धरून वाचायला लागले. शाई फुटली होती. बारीक मजकुराचा एकच निळा-काळा डाग झाला होता. मथळ्यातला एक शब्द तेवढा उरला होता.

"धिक्कार," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "चांगला शब्द आहे. बाबांचा टाइप दणकट आहे. पण हे वाचून सारंगानं कुठला बोल्ट फिरवायचा?"

सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. हा रत्नागिरीकडचा होता आणि कुठल्याही समुद्रात असला तरी रविवारी काकासाहेबांना फोन करायचा.

मला रडू आलं. रागाचंच होतं ते. काकासाहेबांनी पंखा बंद केला. गच्चीवरून समोर किल्ल्याचा लांबलचक कडा दिसत होता, उन्हानं पांढरा पडलेला. तिकडे बघत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्यांच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली, आणि इतक्या साध्या आवाजात ऐकली की ती दुसऱ्या कुणाची असावी असं वाटत होतं.

"नोकरीच्या शेवटी शेवटी मी चक्क्यांवर तपासणीला जायचो. एकदा माळेच्या टोकाच्या मनोऱ्यात होतो. ठरल्यापेक्षा जरा जास्त वेळ थांबलो होतो, एक नट बसत नव्हता. लिफ्टमध्ये बसलो आणि अर्ध्यावर वीज गेली. पुढची चक्की सोडवली होती. नोंदीत मी उतरून गेलो होतो. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. लिहिणारा चांगला माणूस होता, नंतर माझ्या पाया पडला."

"घाबरलात?"

"अंधाराला नाही. उलटी झाली, ती नेहमीचीच. पण मी वायरलेसवर ओरडत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं, कारण जो माणूस कागदावर नाही त्याच्यासाठी कुणी कान देत नाही. हळूहळू मलाच वाटायला लागलं की मी नाहीच आहे. तसं वाटणं वाईट असतं, बेटा. मरण्यापेक्षा वाईट असतं असं नाही म्हणणार. मेलेलो नाही मी, मला काय माहीत."

खाली लॅबच्या दारात कुणीतरी रिपोर्टसाठी भांडत होतं. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

"तुमचं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर मी पण राजीनामा देते," मी म्हटलं.

"का?"

"तत्त्व म्हणून."

"तत्त्व आहे तर त्याला कामाला लाव. मधली चक्की काढली की आधी काय करायचं?"

"दोन टोकं एकमेकांना जोडायची."

"मग? मी निघालो. तूही निघालीस तर मागे कोण राहिलं?"

त्यांनी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, मग माणसाचा.

"बोला काकासाब."

"मी कामावरून जातोय. आता कागद एक मुलगी लिहील. चिडकी आहे, पण बादली नेमानं मारते. तिला तू थेट फोन कर, माझ्याकडून नको."

मग सारंग म्हणाला, "बाय गो, तू पन मला तूच म्हनशील ना कागदात? आयशीच्या मागारी ह्यो येकच मानूस मला तू म्हनतो."

मी म्हटलं, "म्हणेन."

शेवटच्या दिवशी काकासाहेबांनी गच्चीवरचा समुद्र उतरवला. सगळं ऑफिस बघायला वर आलं होतं, मॅनेजरसुद्धा. कशानंतर काय काढायचं ते त्यांनी तो बांधतानाच ठरवलं असणार, कारण कुठेही हात अडखळला नाही. चेंडू सुटले, चेना सुटल्या, पिंप बाहेर आला, पाणी नालीला लागलं. मॅनेजरनी मागवलेला चहा निवायच्या आत गच्ची रिकामी झाली. सिमेंटवर टाकीचा ओला गोल उरला होता, तोही लूनं बघता बघता पुसला.

"मोजे तुला," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. जाताना प्रत्येक खोलीच्या दारात थांबून आत कोण आहे ते बघत गेले.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. जुन्या ओळीच्या जागी आता होतं, 'मागील मनोऱ्यांवर कोणी नसल्याची खात्री करण्यात यावी.' मराठी मशीनकडून करून घेतलेली, तिच्याखाली माझी सही लागणार होती. सही केली तर मला कायम करायचं बोलणं झालं होतं.

माझ्या जिभेवर बाबांचं अख्खं टाइपाचं खोकं आलं होतं. ते मी गिळलं आणि विचारलं, "खात्री कुणी करायची?"

"मतलब?"

"या वाक्यात माणूस कोण आहे?"

"अरे, सिस्टम करेगा ना."

"त्याला कान आहेत?"

मॅनेजरनी दोन्ही हात डोक्याला लावले. "यार, तू भी काकासाहब हो गई!"

मी सही केली नाही. ओरडले नाही, मुर्दाबाद म्हटलं नाही, पायऱ्यांवर बसले नाही. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं. कागद माझ्या सहीशिवाय, मशीनच्याच मराठीत, पाठवून दिला गेला.

आणि रविवारी फोन वाजला.

"बाय, कागद इला. पन ह्यात मानूसच नाय."

"माहीत आहे. तो मी लिहिलेला नाही."

"तां मी वळाकलां. तू-बी नाय, आवाज-बी नाय. आमी वाचला म्हनून खाली अंगठे-सह्या करूचे असतत. पोरां करीत नाय म्हनतत. माजो भाचो मागच्या मनोऱ्यार जातो. तेची हाक मी ऐकूची नाय, तं कोनी ऐकूची?"

कागद वाचल्याची सही खलाशांनी केल्याशिवाय कप्तान काम सुरू करत नाही. बोट उभी राहिली. वारा पडला, पुन्हा उठला. कप्तानानं कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. कप्तानानं किनाऱ्याला विचारलं. कुठे कुठे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण एका सकाळी मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "वो पुरानी वाली लाइन डाल दो."

मी डाल दी. इंग्रजी त्यांचं त्यांना लखलाभ, मराठीत मी लिहिलं, 'मागच्या प्रत्येकाला नावानं हाक मार. आवाज ऐकल्याशिवाय सोडू नकोस.' मग मोजे घालून, ओल्या हातात धरून वाचून पाहिलं. वाचता आलं.

मला कायम केलं नाही. काढलंही नाही. काकासाहेबांना कुणी परत बोलावलं नाही, आणि मी विषय काढला तर ते म्हणत, "सुटलेलं टोक पुन्हा त्याच जागी बसवायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?"

त्यानंतर काही दिवसांनी सारंगानं मला एक आवाजी निरोप पाठवला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी तो एकटीनं ऐकला नाही. दाना ओलीत गेले. काकू दारातच म्हणाल्या, "ये, आज ह्यांचा मूड खराब आहे, सकाळपासून नळ खोलून बसले आहेत." काकासाहेब जमिनीवर नळाचे सुटे भाग क्रमानं मांडून बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि निरोप लावला.

आधी नुसता वारा. आमचा कूलर त्यापुढे काहीच नव्हता. मग सारंगाचा आवाज, वायरलेसवर एकेक नाव घेणारा. पहिलं नाव. "आहे!" दुसरं. "आहे!" प्रत्येक 'आहे'ला काकासाहेब मान डोलवत होते, गल्लीतल्या पोरांना डोलवीत तशीच.

मग भाच्याचं नाव. उत्तर नाही.

वारा. सारंगानं पुन्हा हाक मारली. मागे कुणीतरी इंग्रजीत घाई करत होतं. सारंगानं त्याला उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा हाक मारली. काकासाहेब पुढे वाकले होते. काकू हातातलं ताट घेऊन दारात तशाच उभ्या होत्या.

"आहे," फोनमधून आलं, धापा टाकत, खरखरत. "आहे, मामा. लिफ्टमध्ये होतो. उतरलो आता."

काकासाहेबांनी डोळे मिटले. मग फोनकडे तोंड करून, अगदी हळू, म्हणाले,

"सोड आता."